मनी ओ का देत नाही?

संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास सीवूड्समधल्या कुठल्याही सोसायटीच्या आवारात पाच मिनिटे उभे राहिले, तर दोन तऱ्हेच्या हाका ऐकू येतात. एक खेळायला गेलेल्या मुलांसाठी असते, दुसरी मांजरासाठी. सिंबा, ओरिओ, ब्राउनी, क्वचित एखादी मनी. हाक मारणारा माणूस जिन्याच्या दाराशी ताटली घेऊन उभा असतो आणि उभ्या गाड्यांच्या रांगेखाली वाकून बघत असतो. मुले दहाव्या हाकेला येतात. मांजर येते किंवा येत नाही. नाही आले की शेजारून जाणारे कोणी तरी सांगून जाते, ‘अहो, कुत्रा माणसाला ओळखतो, मांजर फक्त घराला.’

हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. तसेही आपल्या भाषेत मांजराला नाव ठेवणारे थोडे आणि नावे ठेवणारे फार. ते डोळे मिटून दूध पिते, ते आडवे गेले तर काम होत नाही, आणि त्याच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी धजावत नाही. या सगळ्यात त्याची गरीब बिचारी बाजू मांडायला कोणी वकील मिळाला नाही. तो अखेर मिळाला जपानमध्ये.

टोकियोच्या सोफिया विद्यापीठातल्या आत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी घरोघरची आणि एका ‘मांजर कॅफे’तली मिळून ७८ मांजरे तपासली. पद्धत साधी, पण हुशारीची होती. मांजराच्या नावाइतक्याच लांबीचे, तशाच उच्चाराचे चार शब्द त्याला एकामागून एक ऐकवायचे. पहिल्या शब्दाला मांजर कान टवकारते, मान वळवते. दुसऱ्या-तिसऱ्याला त्याचा उत्साह ओसरतो. आपल्याशी याचा काही संबंध नाही, हे त्याने ताडलेले असते. मग पाचवा शब्द म्हणून त्याचे नाव उच्चारायचे. बहुतेक मांजरांचे कान पुन्हा हलले, मान पुन्हा वळली. हाक परक्या माणसाने मारली तरीही. म्हणजे मालकाच्या आवाजाला नव्हे, तर त्या नावालाच मांजर ओळखत होते.

कॅफेतल्या मांजरांची तऱ्हा मात्र जरा वेगळी निघाली, आणि मला त्या निबंधातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. त्यांना आपले नाव आणि इतर साधे शब्द यांतला फरक कळत होता. पण आपले नाव आणि त्याच कॅफेतल्या दुसऱ्या मांजराचे नाव यांत ती फरक करीत नव्हती. कारण उघड आहे. दिवसभर येणारी-जाणारी गिऱ्हाइके वाटेल त्या मांजराला वाटेल त्या नावाने हाक मारणार, आणि एकाला हाक मारली की खाऊ तिघांना मिळणार. अशा ठिकाणी नावाला अर्थ उरत नाही. घरातल्या मांजराला मात्र ‘हा आवाज म्हणजे मी’ असे नाही तरी ‘हा आवाज म्हणजे माझ्यासाठी काही तरी’ एवढे नक्की समजते.

याच साइतोबाईंनी त्याआधी, २०१३ साली, आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. वीस मांजरांना परक्यांचे आणि मालकाचे आवाज पडद्याआडून ऐकवले. मालकाचा आवाज त्यांनी ओळखला. कान हलले, डोके वळले, पण उठून दाराकडे कोणी गेले नाही. तात्पर्य, पार्किंगमध्ये ताटली घेऊन उभ्या असलेल्या काकूंची हाक त्यांच्या सिंबाने बहुधा ऐकलेली असते, ओळखलेलीही असते. त्याने फक्त अजून काही ठरवलेले नसते.

आता हे असे का, याचे उत्तर मांजराच्या स्वभावापेक्षा त्याच्या इतिहासात शोधायला हवे. कुत्र्याला माणसाने हजारो वर्षे कामाला लावले. शिकार, राखण, मेंढ्या वळवणे. हाकेला धावणारा कुत्रा उपयोगाचा, न धावणारा निरुपयोगी, अशी निवड पिढ्यान्‌पिढ्या होत गेली. मांजराचे तसे झाले नाही. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, त्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा सापडला आहे, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने जगातल्या सगळ्या पाळीव मांजरांचे मूळ त्याच भागातल्या रानमांजराशी नेऊन भिडवले. म्हणजे मांजराला कोणी धरून आणले नाही. ते आपल्या कामासाठी आले, ते काम आपल्याही सोयीचे होते, म्हणून आपण त्याला राहू दिले. उंदीर मारायला हाकेची गरज नव्हती. हाकेला न येणारे मांजर या व्यवहारात कुठेच कमी पडत नव्हते.

आपल्या गावाकडच्या घरातले मांजर आठवून पाहा. ते धान्याच्या कणगीवर, माळ्यावर, चुलीच्या उबेला असायचे. त्याचे नाव मनी, नाही तर माऊ, आणि नर असेल तर नुसताच बोक्या. आधीची मनी गेली की नवी मनी. सीवूड्स ज्या जमिनीवर उभे आहे तिथल्या करावे आणि दारावे या जुन्या आगरी-कोळी गावांतही मासळी साफ होताना भोवती मांजरे जमायची, त्यासाठी कोणाला हाक मारावी लागत नसे. वास हीच हाक. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, खाडीकाठच्या भागात सेक्टर आखले गेले, पुढे स्टेशन झाले, स्टेशनाच्या डोक्यावर मॉल झाला आणि मांजर पहिल्या मजल्यावरून पंधराव्या मजल्यावर गेले. तिथे कणगी नाही आणि उंदीरही नाही. मांजराची जुनी नोकरी संपली. आता त्याला घरात ठेवायचे ते केवळ सोबत म्हणून, आणि सोबतीला ठेवलेल्या जिवाने हाकेला ओ द्यावी ही अपेक्षा इथूनच सुरू झाली.

अपेक्षा हौसेची असती तर त्यावर रविवारचा एवढा कागद खर्च करण्याचे कारण नव्हते. पण उंच इमारतीत ती मांजराच्या जिवाशी येऊन ठेपते. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या पशुरुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. उपचार झालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचली होती. हा आकडा वाचून ‘मांजर कुठूनही पडले तरी पायांवरच पडते’ म्हणणाऱ्यांना चेव येतो. जी मांजरे जागीच गेली ती रुग्णालयात कोण नेणार, हा साधा प्रश्न त्यांच्या मनात येत नाही. खिडकीला जाळी हाच त्यावरचा उपाय, नाव शिकवून पडणे थांबत नाही. पण पडण्याखेरीजही धोके आहेत. गॅस सिलिंडरवाल्यासाठी दार उघडले आणि मांजर निसटले, असे एकदा तरी प्रत्येक घरात घडते. घाबरलेले मांजर ओरडत नाही. ते डक्टमध्ये, जिन्याखाली किंवा गाडीच्या इंजिनाच्या उबेत जाऊन गप्प बसते. अशा वेळी ‘नाव ऐकताच हालचाल करायची’ ही सवय अंगात मुरलेली असेल, तर शोधणाऱ्याला निदान एक म्याव तरी ऐकू येते.

ती सवय लावता येते, आणि त्यासाठी परदेशी पुस्तक आणायला नको. पहिली अट घरातल्या माणसांसाठीच आहे. आजी तिला माऊ म्हणते, नातू एल्सा म्हणतो, आई ‘ए भवाने’ म्हणते आणि वडील नुसतेच ‘शुक’ करतात. या घरातल्या मांजराची अवस्था त्या जपानी कॅफेतल्या मांजरांसारखीच होणार. तेव्हा घरात बसून एकच नाव ठरवावे. शक्यतो दोन अक्षरी, आणि स्वयंपाकघरातल्या रोजच्या शब्दांपेक्षा वेगळे. मुलाचे नाव ‘सोनू’ असेल तर मांजराचे ‘मोनू’ ठेवू नये, दोघांचाही गोंधळ होतो. ‘शुक शुक’ मात्र कायमचे बंद करावे, कारण त्याचा अर्थ ‘चालते हो’ असा प्रत्येक मांजराला पिलूपणापासून माहीत असतो.

मग जेवणाआधीची भुकेची वेळ साधायची. मांजर हातभर अंतरावर असताना एकदाच, सौम्य पण स्पष्ट आवाजात नाव घ्यायचे, आणि त्याने कान हलवला किंवा बघितले की त्याच क्षणी उकडलेल्या कोंबडीचा किंवा मासळीचा नखाएवढा तुकडा द्यायचा. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर मुळीच नको, तो मांजराला विषासारखा असतो. दूधही नको. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही, ही गोष्ट आपल्या लोककथांना मान्य होणार नाही, पण खरी आहे. एका बैठकीत असे पाच-सहा वेळा पुरे. मांजराचा कंटाळा दिसायच्या आत आपण थांबावे. दोन-तीन दिवसांनी अंतर वाढवावे, मग दुसऱ्या खोलीतून हाक मारावी, मग घरातल्या दुसऱ्या माणसाने मारावी. पुढे प्रत्येक वेळी खाऊ द्यायची गरज नसते, पण कधीच दिला नाही तर मांजर हिशेब चोख ठेवते.

बरेच जण घोटाळा करतात तो इथे. नाव शिकून झाले की त्याच नावाने मांजराला आंघोळीला बोलावतात, औषधाला बोलावतात, डॉक्टरकडे न्यायच्या पिंजऱ्यात घालायला बोलावतात, सोफा ओरबाडला म्हणून ओरडताना तेच नाव घेतात. चार वेळा खाऊ आणि पाचव्या वेळी पिंजरा, हा अनुभव आल्यावर सहाव्या हाकेला जो येईल तो मांजर नव्हे. अशा कामांसाठी आपण उठून त्याच्याकडे जावे आणि नाव मध्ये आणू नये. नाव हे फक्त चांगल्या बातमीसाठी राखून ठेवायचे.

पिलू दोन ते सात आठवड्यांचे असताना माणसांच्या हातात वावरले असेल तर काम लवकर होते, पण म्हातारे मांजरही शिकते, त्याला दिवस जास्त लागतात इतकेच. एक अपवाद लक्षात ठेवावा. पांढरेशुभ्र आणि निळ्या डोळ्यांचे मांजर अनेकदा जन्मतः बहिरे असते. माणसाला वीस हजार कंपनांपलीकडचा आवाज ऐकू येत नाही, मांजराला साठ हजारांच्याही पुढचा येतो. एवढे तिखट कान असून ते भांडे पडल्यावरही दचकत नसेल, तर त्याला हट्टी ठरवण्याआधी पशुवैद्याला दाखवावे.

इथपर्यंतची गोष्ट घरातल्या मांजराची झाली. पण ताटली घेऊन खाली उतरणाऱ्या माणसाचे मांजर घरातले नसते, आणि इथे विषय दाराबाहेर जातो. सीवूड्समध्ये तर तो थेट न्यायालयात गेलेला आहे, मांजरावरून नव्हे, कुत्र्यांवरून. सीवूड्स इस्टेट्स, म्हणजे लोकांच्या तोंडचे एनआरआय कॉम्प्लेक्स, या मोठ्या वसाहतीने आवारात भटक्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्या रहिवाशांना दिवसाला पाच हजार रुपये दंड लावला. एका रहिवाशाच्या नावावर दंडाची रक्कम आठ लाखांवर गेल्याची बातमी डिसेंबर २०२१मध्ये देशभर गाजली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि तिथेही शांत झाले नाही. न्यायव्यवस्थेला ‘डॉग माफिया’शी जोडणारे पत्रक रहिवाशांत फिरवल्याबद्दल एप्रिल २०२५मध्ये उच्च न्यायालयाने अवमानाची एक आठवड्याची कैद सुनावली. डिसेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माफीनामा विचारात घेऊन ती शिक्षा रद्द केली. दरम्यान दिल्लीच्या कुत्र्यांवरून ११ ऑगस्ट २०२५चा सरसकट उचलून नेण्याचा आदेश आला आणि २२ ऑगस्टला तो बदललाही. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्यांना त्यांच्याच भागात सोडावे, पिसाळलेले आणि आक्रमक कुत्रे वगळावेत, आणि खायला घालायचे ते ठरवून दिलेल्या जागीच, असे सुधारित आदेशात म्हटले गेले.

या सगळ्या गदारोळात मांजराचा उल्लेख जवळजवळ नाही. प्राणी जन्मनियंत्रणाच्या २०२३च्या नियमांमध्ये वसाहतीतल्या प्राण्यांना खायला घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनांवर टाकलेली आहे. नियम ‘सामुदायिक प्राणी’ म्हणतो खरा, पण तपशील वाचताना डोळ्यांसमोर उभा राहतो तो कुत्राच. मांजर चावत सुटत नाही, रात्री भुंकत नाही, मोटारसायकलमागे धावत नाही, म्हणून त्याच्यावर सभा भरत नाही. ते वाढत मात्र राहते. मांजरी चार-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. पुण्यात हडपसरच्या एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे असल्याचे फेब्रुवारी २०२५मध्ये उघडकीला आले आणि महापालिकेला नोटीस द्यावी लागली. पुणे महापालिकेने त्याआधी, २०२२ सालीच, पाळीव मांजरांच्या नोंदणीचा निर्णय घेतला होता. नोंदणीचा कागद असून गोष्ट तीनशेवर जाऊ शकते, हे यातून दिसले.

सोसायटीच्या सभेत अशा वेळी दोन बाजू पडतात. एक म्हणते, तुम्ही खायला घालता म्हणून मांजरे वाढतात. दुसरी राज्यघटनेतले प्राणिमात्रांविषयी करुणेचे कर्तव्य ऐकवते. दोन्ही बाजूंकडे अर्धे सत्य आहे. माझा प्रश्न दुसऱ्या बाजूला थोडा जास्त आहे, कारण तिला मांजरांविषयी आस्था आहे. पार्किंगमधल्या मांजरीला तुम्ही नाव दिलेत. रोज साडेसातला त्या नावाने हाक मारून खायला घातलेत. वर सांगितलेली शिकवणी नकळत पूर्ण झाली. परक्या माणसापासून पळायचे, ही तिची जन्माची सावधगिरी तुम्ही मोडून काढलीत. आता अकरा महिन्यांचा करार संपला, तुम्ही खारघरला किंवा थेट बंगळुरूला निघालात. साडेसातला ती मांजरी येणार, त्याच खांबाशी बसणार. ज्याच्या हातात ताटली दिसेल त्याच्याजवळ जाणार, आणि काठी दिसली तरी जवळ जाणार, कारण माणूस जवळ आला की चांगलेच होते असे तिला शिकवले गेले आहे. घरात पाळलेले मांजर जाताना ‘खाली सोडून’ देणारेही आहेत. उपासमारीला सोडून देणे हा १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा आहे, आणि पंधराव्या मजल्यावर वाढलेल्या मांजराला पार्किंगमध्ये सोडणे म्हणजे नेमके तेच. घर बदलताना फ्रीज कुठे जाणार हे आपण महिनाभर आधी ठरवतो. मांजराला घर शोधायलाही तेवढा अवधी लागतोच.

पहिल्या बाजूलाही एक सांगणे आहे. हाकेला येणारी मांजरे ही सेक्रेटरीसाहेबांची डोकेदुखी नाही, उलट सोय आहे. ठरल्या वेळी, ठरल्या कोपऱ्यात, नाव घेतल्यावर जी मांजरे जमतात ती मोजता येतात, पकडता येतात, नसबंदीला नेता येतात, आणि त्यांना रेबीजची लसही टोचता येते. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो हा समज चुकीचा आहे. मांजराच्या चाव्यातूनही तो होतो, आणि मांजराने चावा घेतला तरी जखम साबणाने भरपूर धुऊन डॉक्टरकडे जावेच लागते. याउलट खायला घालणे बंद केले की मांजरे नाहीशी होत नाहीत, विखुरतात. मग कचऱ्याच्या डब्यांपाशी, डक्टमध्ये आणि खाडीकाठच्या पाणथळीतल्या पक्ष्यांमागे ती कुठे कुठे जातात याचा पत्ता कोणालाच लागत नाही, आणि नसबंदीसाठी आलेली गाडी रिकामी परत जाते.

एवढे करायचे तर एक वही पुरते. मांजराचे नाव, रंग, खूण, नसबंदी झाली असल्यास कानाचे कापलेले टोक, लसीची तारीख, आणि त्याला हाक मारणाऱ्या माणसाचा सदनिका क्रमांक. त्या माणसाने घर सोडले तर त्याच्या जागी दुसरे नाव. जाण्याआधी आठवडाभर दोघांनी मिळून खाली उतरायचे, जुन्याने थोडे मागे उभे राहायचे आणि हाक नव्याने मारायची. शिकलेले मांजर परक्या आवाजातले नावही ओळखते, हे टोकियोत सिद्ध झालेलेच आहे. वहीची एक प्रत सोसायटीच्या कपाटात ठेवली तरी चालेल. दुसरी मात्र गेटवरच्या चौकीत हवी, कारण पहाटे साडेपाचला पहिली गाडी सुरू व्हायच्या आधी बॉनेटवर थाप मारून आत कोण झोपले आहे ते बघणारा असतो वॉचमन, आणि त्याला त्या मांजराचे नाव ठाऊक असायला हवे.